मुलांच्या उंचीच्या फिती

वकीलबाई,

तू असतीस तर पहिल्याच ओळीला म्हणाली असतीस, "मुद्द्यावर ये." येते. तुला जाऊन वर्ष होत आलं, आणि तुझ्याबद्दल चार धड शब्द कुणी लिहिले नाहीत. कोर्टातली मंडळी तुझ्यासाठी क्षणभर उभी राहिली आणि खाली बसून पुढच्या तारखा मागायला लागली. म्हटलं, हेही आता मलाच करावं लागणार.

खालच्या मजल्यावर तुझं ऑफिस, वर मी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. तुझ्याकडचे खटले सगळे एकाच साच्याचे: बाप फौजेत, आई इथे, मध्ये मूल, आणि मुलाच्या खर्चाचे पैसे बंद. बाकीचे वकील या भानगडीत पडत नसत. नोटीस पोचेपर्यंत माणसाची बदली झालेली, तो सीमेवर गेला की तारीख पुढे, फोन लावावा तर "ते ड्युटीवर आहेत, नंतर करा." हे 'नंतर' ऐकण्यात तुझी उमर गेली. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायचीस, "दिवसभर लोकांची लग्नं निस्तरते, तेवढं बास." आम्ही हसायचो. मग तू डबा उघडायचीस आणि अशिलाच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून एकटीच जेवायचीस.

सुरुवातीला तूही इतरांसारखीच तलवार उपसून असायचीस. एका हवालदाराच्या कमांडरला असं काही खरमरीत लिहिलंस की त्या हवालदाराचा हुद्दाच गेला. हुद्द्याबरोबर पगार उतरला, आणि पगाराबरोबर पोराचे पैसे. "मी जिंकले गं," तू मला म्हणालीस, "पोरगं हरलं."

त्यानंतर तुझ्या टेबलावर ती पांढरी सुती फीत आली, शिंप्याच्या दुकानातली. मूल आलं की तू त्याला चपला काढून दाराच्या चौकटीला उभं करायचीस, टाचेपासून टाळूपर्यंत फीत धरून कापायचीस आणि नोटिशीबरोबर बापाला पाठवायचीस. मी म्हटलं, हा काय पोरखेळ? तू म्हणालीस, "बाप सुट्टीवरून गेला की त्याच्या डोक्यात पोर तेवढंच राहतं. त्याला कळू दे, जुना फ्रॉक आता अंगात जात नाही." बऱ्याच बापांना कळायचं. न कळणाऱ्यांसाठी नोटीस होतीच.

मग ठमी आली. आई दवाखान्यात नर्स, बाप फौजेत ट्रकचा ड्रायव्हर, दोघं वेगळे झालेले. पैसे यायचे अचानक थांबले होते, आणि फी भरली नाही तर नाव काढू म्हणून शाळेनं कळवलं होतं.

"थेट त्याच्या कमांडरला लिहा, मॅडम," ठमीची आई म्हणाली. "नाकी नऊ आणा त्याच्या."

"आधी फीत."

"फितीनं फी भरता येते का?"

"नाही. पण त्याची नोकरी गेली तर कशानंच भरता यायची नाही."

फीत गेली. उत्तर नाही. एकदा नर्सबाईनं मला जिन्यात गाठलं. "काकू, तुमच्या मैत्रिणीला जरा समजवा हो. सत्र संपत आलंय." मी खाली येऊन तुला चांगली झापली. "हट्ट पुरे. पोरीचं वर्ष जाईल." तू नुसती चष्मा पुसत राहिलीस. "या शनिवारपर्यंत," म्हणालीस. कमांडरला लिहिलेलं पत्र पाकिटात घालून तयार होतं, फक्त तिकीट लावायचं बाकी.

शनिवारी ड्रायव्हर स्वतःच आला. एक हात गळ्यात बांधलेला. ट्रक दरीत गेला होता, तो फौजेच्या इस्पितळात पडून होता, आणि फोन केला तर ठमीची आई उचलत नव्हती. तुझं पाकीट त्याच्या मागे गावोगाव हिंडून अखेर त्याच्या खाटेवर पोचलं होतं. तू मायलेकींना बोलावून घेतलंस. मीही खाली आले. मला कोण थांबवणार?

त्यानं खिशातून फीत काढली, एका हातानं ठमीच्या अंगाला लावली. ती टाळूपर्यंत पोचेना.

"मॅडम, फीत आटली की काय हो?"

"सुती फीत आटेल एक वेळ," ठमीची आई म्हणाली. "पोरगी नाही आटत. खाते आणि वाढते."

तो हसला, मग तसाच मान खाली घालून उभा राहिला. त्याच बैठकीत त्यानं लिहून दिलं: पैसे दर महिन्याला पगारातूनच परस्पर कापून पाठवावेत. ठमीची फी भरली गेली. निघताना दारात थबकून तो म्हणाला, "केस मिटली तरी वर्षाला एक फीत पाठवाल? फोटोत उंची कळत नाही." तू मान डोलावलीस. माझ्याकडे मात्र बघितलं नाहीस.

दोनदा ठमी आली, चौकटीला उभी राहिली. मग तिच्या आईला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि फोन नंबरही बदलला. तुझ्याकडे काम झालेली माणसं तशीच. रस्त्यात दिसली तर पलीकडून जायची. तुला पाहिलं की त्यांना ते वाईट दिवस आठवायचे. तू म्हणायचीस, बरोबरच आहे त्यांचं. दिवाबत्तीच्या वेळी तुझ्या ऑफिसच्या दाराशी कुणी नसायचं, तरी तू ते लोटून घ्यायची नाहीस.

ड्रायव्हरचा फोन आला: "मॅडम, यंदाची फीत?" त्याच दिवशी तू गुडघे धरत माझा जिना चढून आलीस.

"ठमीची शाळा कळलीय मला. बसनं जाऊ. मधल्या सुट्टीत फाटकाशी उभ्या राहू. एकटी गेले तर पोरं पळवणारी म्हातारी समजतील."

"आणि दोघी गेलो तर टोळी समजतील."

किती दिवसांनी तू तशी खदखदून हसलीस. गुरुवार ठरला. बुधवारी तुला इस्पितळात हलवलं, आणि तिथून तू परत आली नाहीस.

तुझ्या पुतण्यानं तुझी पर्स माझ्याकडे दिली. आत फितीची गुंडाळी आहे, कात्री आहे, सुटे पैसेही काढून ठेवलेले आहेत. शाळेचं नाव तेवढं तू मला बसमध्ये सांगणार होतीस.