चिंचेवरचं मोहोळ

मनुकाकीचं वाटोळं मी केलं. गावात आता कुणी काही सांगो, मोहोळ मीच जाळलं.

मनुकाकी माझी सख्खी चुलती. कुंडलात घरामागच्या परड्यात ती कडू भोपळ्याचे वेल लावायची. खायचा भोपळा नव्हे, तंबोऱ्याचा. कवेत मावणार नाही असा एकेक भोपळा! ते वाळवून ठेवायचे आणि मिरजेचे तंबोरे करणारे दस्तगीरचाचा येऊन न्यायचे. एकदा काकी मिरजेला गेली, तेव्हा चाचांनी तिच्यासमोर तार छेडली. घरी येऊन बाई चार दिवस भेटेल त्याला सांगत होती, "आरं, माजा भोपळा बोलतूय!" नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिचं म्हणायला एवढंच होतं.

बी तिच्या आईकडचं. ते गाव प्लेगात उठलं, तो वाण दुसऱ्या कुणाकडं राहिला नाही. म्हणून वेलाला पहिला भोपळा धरला की काकी त्याला लाल चिंधी बांधायची. तो बियांसाठी. कुणी कितीही मागू दे, तो द्यायचा नाही.

सन त्रेचाळीसला उंदरांनी बियाण्याचं गाडगं फस्त केलं. अकरा बिया वाचल्या, त्या तिनं सगळ्या लावल्या. सात वेल चढले, पांढरीशुभ्र फुलंही आली. पण भाद्रपदात पावसाची झड लागली आणि मागं इवलासा भोपळा असलेली मादी फुलं दोन दिवसांत गळून पडायला लागली. काकीला अन्न गोड लागेना.

मी सातवी पास. गावातली सगळी अक्कल मलाच! तीन सकाळी परड्यात बसून पाहिलं. तांबडे भुंगेरे पाकळ्या न् केसर कुरतडत होते. ते काय, दरसालचेच. उघडीप मिळाली की मधमाश्या मात्र फुलात शिरायच्या आणि अंगभर पिवळं पीठ माखून बाहेर यायच्या.

"काकी, ह्याच चोरट्या," मी म्हणालो. "रस पित्यात, पीठ नेत्यात. मग फूल गळंल न्हाई तर काय?"

"आरं, माज्या आईच्या परड्यात बी मोहोळ असायचं. तिनं कवा हात लावला न्हाई."

"तुजी आई साळंत गेलती व्हय?"

काकीनं गळालेलं एक फूल उचललं. म्हणाली, "कर बाबा. तुला कळतंय."

त्याच दिवशी पाचटाचा टेंभा करून परड्यातल्या चिंचेवरचं मोहोळ जाळलं. माश्या खाली पडून तडफडत होत्या आणि मी शहाणा मिशीला पीळ देत उभा! त्यानंतर एकसुद्धा भोपळा धरला नाही. भुंगेरे तेवढे मजेत होते.

दसऱ्याला चाचा आले. रिकामे वेल बघून त्यांनी चिंचेकडं मान वर केली. "मनुबाई, मोहोळ कुटं गेलं?"

मी छाती काढून सांगितलं. चाचांनी कपाळावर हात मारला. "आरं गाढवा, नर फुलातलं पीठ मादी फुलात माशीच नेती, तवा भोपळा धरतो. झडीत माशी भाईर पडली न्हाई म्हनून फुलं गळली. खानारे ठेवलेस आनि देनारी जाळलीस?"

मादी फुलं तीनच उरली होती. चाचांनी नर फुलाच्या पाकळ्या तोडल्या आणि केसर हातानं त्यांच्यावर घासलं. दोन गळाली, एक धरलं. काकीनं त्या सुपारीएवढ्या भोपळ्याला लाल चिंधी बांधली. थंडीत त्याच्यावर गोणपाट घातलं, शेजारी बसून राहिली. मी देव पाण्यात घातले. पण वेल म्हातारा झालेला. पौषात देठ वाळला.

भोपळा नारळाएवढाच राहिला. काकीनं तो विळ्यानं फोडला, बिया धुऊन पाण्याच्या परातीत टाकल्या. भरलेलं बी बुडतं, पोचट तरंगतं. सगळ्या तरंगल्या.

काकी एकेक बी बोटानं तळाशी दाबायला लागली. बोट काढलं की बी वर यायचं. मला बघवेना.

"काकी, मला जोड्यानं मार."

"तुला मारून माज्या आईचं बी येनार हाय व्हय?" ती म्हणाली, आणि पुढचं बी दाबलं.