अक्काचं स्वप्न आणि जमनाबाईची आंघोळ

अक्का गेल्याचं मला कळलं ते हिराबाईच्या फोनवरून. हिराबाई बेलापूरच्या खाडीकाठच्या दिवाळे गावातली मासेवाली. भरदुपारी मी कामोठ्याच्या घरी गवार निवडत बसले होते. "बाय, तुझी बहीन आज आली नाय, म्हनून मी तिच्या घरी जाऊन बघितलं... शेजाऱ्यांनी दार उघडलं. तू ये लवकर," एवढंच ती बोलली. मी तशीच उठून निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की मुठीत गवारीच्या शिरा तशाच आहेत.

एस्तेर तिचं नाव. माझी थोरली बहीण म्हणून मी तिला अक्का म्हणायची आणि मग सगळेच म्हणू लागले. जन्मभर नर्स होती. नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. निवृत्त होऊन बेलापूरला फ्लॅटमध्ये राहायला आली आणि दोन महिन्यांत कंटाळली. "घर खायला उठतं गं," म्हणायची. देवाजवळ रोज एकच मागणं, मला कशासाठी ठेवलंयस ते सांग. आणि मग तिला ते स्वप्न पडलं. खाडीकाठी एक बैठं घर, व्हरांड्यात ओळीनं खाटा, त्यांवर डॉक्टरांनी आशा सोडलेली माणसं, आणि अक्का एका म्हातारीला न्हाऊ घालते आहे. तिला शंकाच नव्हती. हे देवाचंच सांगणं.

आमच्या चर्चच्या मंडळीत रीत अशी, की असं काही दिसलं तर रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची. मग सगळे मिळून त्यावर प्रार्थना करतात, आणि तेव्हापासून ते स्वप्न एकट्याचं राहत नाही. अक्काचंही राहिलं नाही. कुणी घराचा नकाशा काढला, कुणी नाव सुचवलं, आणि मंडळीतल्याच एका उत्साही भावानं तर जागेचा पत्ता नसताना 'विसावा' अशी लांबलचक लाकडी पाटीच रंगवून आणली. विश्वासानं, म्हणे. ती अक्काच्या दिवाणखान्यात सोफ्यामागे उभी राहिली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं मी म्हटलं तेव्हा अक्का मनापासून हसली. तिला हसू यायचं, हेच मला तिच्या श्रद्धेतलं सगळ्यात आवडायचं. मला मात्र रागच यायचा, कारण जागा काही मिळेना. एकदा जासईकडे कुणाचं शेत आहे म्हणून आम्ही गेलो, तर चहूबाजूंनी कंटेनर यार्ड आणि ट्रकांची रांग. अक्का तिथंही डोळे मिटून उभी राहिली. धूळ नाकात जाऊन शिंकली, तेव्हा म्हणाली, "हे नव्हे." वर्षं गेली. मंडळीतल्या प्रार्थनेत तिचा विषय आधी शेवटाला सरकला, मग कधीतरी गळूनच गेला.

त्याच सुमारास हिराबाईची आई अंथरुणाला खिळली. जमनाबाई तिचं नाव. हिराबाई पहाटे मासळीला बाहेर पडायची, आईच्या पाठीला जखमा होऊ लागल्या. बोंबील घेता घेता अक्कानं हे ऐकलं आणि पिशवी हातात तशीच ठेवून दिवाळ्याला तिच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग रोजच. म्हातारीला आडवं निजवून न्हाऊ घालायला फळी हवी होती, तर अक्कानं सोफ्यामागची ती पाटी उचलली, सुताराकडून तिला पाय ठोकून घेतले आणि अक्षरं खालच्या बाजूला करून जमनाबाईच्या मोरीत ठेवली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना ते फार लागलं. "ताई, प्रभूच्या कामाची पाटी आहे ती," एक जण घरी येऊन म्हणाले. "मग कामालाच लागली आहे ना," अक्का म्हणाली आणि त्यांना चहा दिला.

वाचणाऱ्याला वाटेल, खाडीकाठ झाला, म्हातारी झाली, म्हणजे स्वप्न पुरंच झालं की. दफनाच्या वेळी पाळकांनीही तेच सांगितलं आणि लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. मला मान्यच नव्हतं, कारण अक्कालाही ते मान्य नव्हतं. तिला ओळीनं खाटा दिसल्या होत्या. एक म्हातारी म्हणजे ओळ नव्हे. शेवटच्या रविवारी ती माझ्याकडे जेवायला आली होती. भातावर कालवण घेतलं, घास हातातच ठेवला आणि विचारलं, "मी चुकीचं तर ऐकलं नसेन ना गं?... इतकी वर्षं." आवाजात तक्रार नव्हती, पण तिचा चेहरा मला बघवला नाही. देवावर तिचा रुसवा नव्हता, स्वतःच्या कानांवर भरवसा उरला नव्हता. ज्या आशेवर बाई सकाळी उठत होती, ती आशा आपणच रचली की काय, असं तिला वाटू लागलं होतं. "आधी जेव," मी म्हणाले. ती जेवली.

तिच्यामागे माझं कशात मन लागेना. तिचं कपाट आवरायला जायचे आणि न आवरताच परतायचे. चर्चमध्ये कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं, की उठून बाहेर यावंसं वाटायचं. देवानं एका सरळ बाईला एवढं मोठं चित्र दाखवलं, तर तिला निदान 'हो, तू बरोबर ऐकलंस' एवढं तरी सांगायचं होतं. हे मी पाळकांनाही म्हटलं. त्यांनी मला उपदेश केला नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आणि मागच्या आठवड्यात पुन्हा हिराबाईचा फोन. "आई माझ्या हातून न्हातच नाय. अक्काची बहीन आन, बोलते. येशील काय?" मला या कामातलं काही कळत नाही, रक्त बघून भोवळ येते. तरी गेले. घरात सुक्या मासळीचा वास, कोनाड्यात त्यांचे देव. हिराबाईनं आणि मी मिळून म्हातारीला फळीवर घेतलं. मी पाणी कालवत होते, तर जमनाबाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तांब्या भरला. तिनं हातानं थांबवला.

"आधी सांग."

मला कळेना. हिराबाई म्हणाली, "अक्का पानी घालायच्या आधी रातचं सपान सांगायची. रोज. आई पन आपलं सांगायची. मंग दोघी हसत बसायच्या."

अक्का मला हे कधीच बोलली नव्हती. साक्षीला उभं राहून जे सांगायचं, ते ती या मोरीत, या कोळणीला रोज सांगत होती, आणि हिनं त्याचा ना नकाशा काढला होता ना पाटी रंगवली होती. ओळीनं खाटांचं सांगितलं होतं का, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

"मला स्वप्नं पडत नाहीत, आजी," मी म्हणाले. "पडली तरी सकाळी आठवत नाहीत."

जमनाबाईनं जरा विचार केला.

"मंग उद्या सांग," ती म्हणाली आणि पाठ माझ्याकडे केली.