जिंकलेल्या दिल्लीचे फडणीस

१९९४ साल. मी बावन्न वर्षांचा होतो आणि गाझियाबादच्या बाजूला तीन-चार वर्षांपूर्वी उठलेल्या आमच्या मराठी सोसायटीत खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या जोडत होतो. तिथंच एक घर मीही घेतलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण माझं वेल्डिंग आजवर कुणाला तोडता आलेलं नाही.

सोसायटीचे अध्यक्ष निमकर. केंद्र सरकारात साहेब. हा माणूस रोज संध्याकाळी पानिपत जिंकायचा. ऑफिसातून आले, चहा झाला, की गच्चीवर खुर्ची टाकून सुरू. "जिंकलो असतो ना मोरे, तर चांदणी चौकात आज चकल्या तळल्या असत्या. यमुनेला दगडी घाट! रिक्षावाला मराठीत भांडला असता, यार!" तेवढ्यात खालून मुलगा ओरडायचा, "पापा, खाना लग गया!" आणि दिल्लीचे हे धनी "आया बेटा" म्हणत उठायचे.

एकदा मी विचारलं, "त्या दिल्लीत तुम्ही कोण असता?"

"फडणीस. बिल्कुल."

"आणि मी?"

"तुम्ही? तोफा ओतायला माणूस लागतोच की!"

म्हणजे जिंकूनही मी भट्टीपाशीच. त्या दिवशी हा माणूस माझ्या मनातून उतरला.

दर संक्रांतीला ते सगळ्यांना बसनं पानिपतच्या रणावर, काला अंबला न्यायचे. स्मारकापुढं उभं राहून गळा काढायचे, "आपल्याच माणसांनी जागा सोडली हो, म्हणून फौजेचा गोल फुटला!" येताना पानिपतच्या बाजारात बस थांबायची आणि रडून आलेले हे वीर ब्लँकेटं अन् लोणच्याच्या बरण्या घेऊन चढायचे. पराभवाची एवढी हौस मी दुसरीकडं पाहिली नाही.

सोसायटीच्या मागं मोकळी पट्टी होती. नकाशात आमचीच. गणपती तिथंच बसायचा. त्या श्रावणात शेजारच्या बिल्डरनं तिथं विटा उतरवल्या. आम्ही निमकरांना पुढं केलं. बिल्डर गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून म्हणाला, "निमकर साब, पीछे की ज़मीन हमें चाहिए. आपके भगवान तो छत पर भी बैठ जाएँगे."

निमकर हात जोडून म्हणाले, "जी, बिल्कुल. नो प्रॉब्लम."

गाडी गेल्यावर माझ्याकडं वळले. "हे लोक डेंजर असतात मोरे. समझा करो."

"जागा सोडलीत," मी म्हणालो.

रोज संध्याकाळी अटकेपार जाणारा हा माणूस मान खाली घालून जिना चढला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी विटा पलीकडं सारल्या, पट्टीच्या कडेनं लोखंडी खांब ठोकले आणि जाळी जोडायला बसलो. ऑफिसला निघालेले निमकर डबा सावरत थांबले. चेहरा फुललेला. "वा मोरे! पानिपतावर तुमच्यासारखा एक जरी असता ना, तर आज दिल्ली—"

मी काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर ओढला आणि ठिणगी पाडली.