निळ्या झग्यातली मुलगी

व्हिएन्नाच्या संग्रहालयात एका भिंतीवर एकाच मुलीची चित्रं शेजारी शेजारी लावली आहेत. पहिल्यात गुलाबी झगा, मग पांढरा, मग निळा. चेहरा लांबत गेलेला, डोळे मात्र तेच. ही स्पेनची राजकन्या. लहानपणीच तिचं लग्न ठरलेलं, तेही सख्ख्या मामाशी, इथल्या सम्राटाशी. भाची केवढी झाली हे मामाला दिसावं म्हणून अधूनमधून तिचं नवं चित्र काढून इकडे धाडायचे.

"आणि लग्नानंतरही ती त्याला मामाच म्हणायची," इथेच शिकणारी माझी लेक म्हणाली. "ई, आई!"

मी हसले खरी, पण पाय एका जागी ठरेनात. पुढच्या दालनात जाऊन मी पुन्हा मागे आले. मलाही एकदा स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलं होतं. "हसू नका, पण हसऱ्या दिसा," फोटोग्राफर म्हणाला होता. आधी तो फोटो सोलापूरला गेला, मागाहून मी गेले. संसार काही वाईट झाला नाही. पण त्या फोटोत मी नेमकी कोणाकडे बघतेय, ते मला अजून सांगता येत नाही.

"आई, माझा एक काढ ना इथे."

लेक निळ्या झग्याशेजारी उभी राहिली. फोटो छान आला. सकाळीच नणंदेचा फोन होता, स्थळ चांगलं आहे, हिचा एखादा फोटो पाठव म्हणून. मी फोनमध्ये नणंदेचं नाव शोधलं, बोट स्क्रीनजवळ नेलं, तर फोटोतून दोघीही माझ्याकडेच बघत होत्या.

"बघू, कसा आलाय?" लेक खांद्याशी येऊन वाकली. "कोणाला पाठवतेस गं?"