स्विचवरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या घरात अण्णांच्या हत्यारांची पूजा होते. अण्णा साहुकारपेटेत सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला आहेत. सांगलीकडची पुष्कळ माणसं या गलाईच्या कामासाठी देशभर पांगली, त्यात आम्ही चेन्नईला आलो. दुकान मालकाचं, सोनं गिऱ्हाइकाचं. ॲसिडचा धूर मात्र अण्णांच्या छातीत साठत गेला. कॉलेजात मला 'सेटु' म्हणतात, कारण साहुकारपेटेतला म्हणजे शेठच, असा त्यांचा समज. मी कधी खुलासा केला नाही.

त्या वर्षी पाटावर चिमटा आणि सोनं वितळवायची मूस मांडून झाल्यावर आई मला म्हणाली, "आन् तुझं हत्यार कुठाय?"

"माझं कसलं हत्यार गं? वायरी जोडतो मी."

"मग वायरी आण."

पिशवीत तीन लिमिट स्विच होते. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, वर छोट्या चाकाची दांडी. मी ते पाटावर ठेवले. आईने एक उचलून दांडी दाबली. टक् आवाज झाला तशी ती हसली.

"एवढुसं? हे काय करतं?"

मला नीट सांगता येईना. माझं शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झालं, मराठी घरापुरती. कसंबसं म्हणालो, "मशीनला कळतं, की आता पुढं जायचं नाही. इथं थांबायचं."

"मग मोठंच काम हाय की." तिने हळद-कुंकू कालवलं.

"आई, ओलं नको लावू. खराब होईल."

"देवाला कोरडं लावत्यात व्हय?"

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "लावू दे रं. उद्या तुझ्या ह्याच्यावरच जेवायचं हाय आपल्याला." आणि खोकू लागले.

ते थट्टेत म्हणाले, पण ठरलेलंच होतं. मला नोकरी लागली, की अण्णांनी भट्टी सोडायची. अंबत्तूरच्या एका कारखान्याने मला निवडलंही होतं. अट एकच: येत्या उन्हाळ्यात पास होऊन यायचं.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हाताने चाक फिरवून चालवायचं एक जुनं मिलिंग मशीन पडून होतं. त्याला मोटारी बसवून ते कॉम्प्युटरवर चालवायचं, हा माझा आणि माझ्या जोडीदाराचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. मोटारी त्याच्याकडे, स्विच माझ्याकडे. असं मशीन चालू केलं की त्याला आधी आपण कुठे आहोत हेच माहीत नसतं. ते प्रत्येक दिशेला हळूहळू सरकतं, टोकाचा स्विच दाबला गेला की थांबतं, जरा मागे येतं, आणि तिथून मोजायला लागतं. स्विचने चुकीचं सांगितलं तर पुढचं सगळंच थांबतं.

मी ते काम मनापासून केलं होतं, एवढं म्हणू शकतो. एखादी वायर तुटली तरी मशीन आपोआप थांबेल अशी जोडणी केली. मोटारीच्या वायरींपासून स्विचच्या वायरी लांब नेल्या, प्रत्येक जोड मीटरने तपासला. कुंकवाचे ठिपके तसेच राहू दिले. इथे आयुधपूजेला लेथवर, ड्रिलवर लावलेलं कुंकू वर्षभर तसंच असतं, कुणी पुसत नाही. माझा जोडीदार तर म्हणायचा, "सेटु, तुझे स्विच लग्नाला निघालेत."

आणि ते चालत होते. इथे ज्यांना थंडीचे दिवस म्हणतात ते गेले, उन्हाळा आला, मशीन रोज आपलं घर, म्हणजे मोजायला सुरुवात करायची जागा, बरोबर शोधत होतं.

परीक्षेच्या सकाळी टेबल सुरळीत सरकावं म्हणून आम्ही सगळीकडे भरपूर तेल सोडलं. बाहेरून आलेले परीक्षक खुर्ची ओढून बसले. "चालवा," म्हणाले. पहिली दिशा झाली. दुसरी झाली. तिसरीला स्विच दाबला गेला, मशीन थांबलं, मागे आलं, आणि दांडी वर आलीच नाही. मशीनच्या लेखी ते अजून टोकालाच होतं. पडद्यावर लाल अक्षरं आली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच.

जोडीदार पुटपुटला, "डेय, काहीतरी कर."

मी वाकून बोटाने दांडी वर ओढली. ती चिकटली होती. बोटाला लाल काहीतरी लागलं. दांडीच्या सांध्यात वाळून बसलेलं कुंकू तेलात भिजून गोंदासारखं झालं होतं.

परीक्षकांनी माझं बोट पाहिलं. "काय तंबी, मशीन आहे की अम्मनचं देऊळ?"

सगळे हसले. मीही हसलो बहुतेक. साफ करायला वेळ द्या, असं म्हणायला हवं होतं. ते जोडीदाराने म्हटलं. परीक्षक म्हणाले, अजून बरेच जण बाहेर थांबलेत, पुढच्या सत्रात पुन्हा दाखवा. कारखान्याला फोन केला. तिकडून शांतपणे सांगितलं, की जागा तोवर थांबणार नाही.

घरी पोचलो तेव्हा आई पोळ्या लाटत होती. अण्णा नुकतेच आले होते, पाय धूत होते. मी नुसतं म्हणालो, "झालं नाही. परत द्यायचंय."

"म्हणजे नोकरी?"

"ती गेली."

अण्णांनी पाय पुसले. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं. भट्टी हाय की. ती कुठं पळून चालली?"

आईने माझा हात धरला. नखाच्या कडेला लाल राहिलं होतं. "हे कुकू कुठलं?"

"मशीनचं."

"अजून हाय?" तिचा चेहरा क्षणभर उजळला. "बघा हो, अजून हाय म्हणं." मग लगेच ती विचारात पडली. जे झालं होतं ते सांगायला या वेळी शब्द होते, अगदी सोपे होते, आणि तेच मला बोलवेना.

पुढची परीक्षा खंडेनवमीनंतर आहे. आईने ते विचारून घेतलं. काल ताट वाढताना म्हणाली, "गेल्या खेपेला घाई झाली माझी. नीट न्हाई झाली पूजा. ते तिन्ही परत आण हं घरी."

आतल्या खोलीतून अण्णांच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"आणतो," मी म्हणालो.