तुलमायाची तोंडी परीक्षा

तुलमाया थापामगर आमच्या वर्गात आली तेव्हा तिने पस्तिशी ओलांडली होती. बाकीची सगळी पोरं नुकती बारावी झालेली, कानात इअरफोनची बोंडं घालून येणारी. पहिल्या दिवशी ती दारातच घुटमळली, तेव्हा कुणीतरी तिला विचारलं, मुलाला सोडायला आलात का. ती म्हणाली, "मला मूल नाही. मीच आलेय." आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

आमचा जपानी भाषेचा वर्ग नेपाळात दमौलीच्या बसथांब्यामागे, कापडदुकानाच्या माडीवर भरतो. मी जपानात नागोयाला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आणि परत आल्यावर भाषा शिकवायला लागलो. गावात सगळे मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात, माझी बायकोसुद्धा, फक्त ती चिडली की म्हणते.

तुलमायाचा नवरा खिमबहादुर कतारमध्ये बांधकामाच्या परांचीवरून पडला होता. कंबरेला पट्टा बांधून घरी आला तो पुन्हा गेलाच नाही. त्याच वर्षी त्याच्या आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. घरात दोन माणसं आडवी आणि एक उभी. उभी ती तुलमाया. तशात खिमच्या मामेभावाची बायको जपानात वृद्धाश्रमात कामाला लागली आणि तिथून फोटो यायला लागले. खिमने ठरवून टाकलं. तो बायकोला म्हणाला, "हे काम तर तू रोज करतेसच. फक्त भाषा तेवढी शिकायची."

तिला कुणी विचारलं नाही.

पण वर्गात ती रमली. आठवीत असताना लग्न झालं, त्यानंतर पहिल्यांदाच बाकावर बसत होती. पहाटे सासूचं सगळं आवरून, मादी नदीचा पूल ओलांडून, ओल्या केसांनी यायची आणि कधी उशीर करायची नाही. जपानी चित्राक्षरं बाकीच्यांना डोकेदुखी वाटायची, ही त्यांत हरवून जायची. विश्रांतीचं अक्षर शिकवताना मी फळ्यावर दाखवलं की हा माणूस, हे झाड, आणि माणूस झाडाला टेकलाय. ती फळ्याकडे बघत म्हणाली, "सेन्सेई, याला कुणी हाक मारत नसेल ना?" पोरं हसली. तीही हसली.

शेवटच्या परीक्षेचे तीन भाग होते: लेखी, ऐकण्याची आणि तोंडी. तोंडी परीक्षेत एकजण रुग्ण होऊन खाटेवर पडायचा, दुसऱ्याने त्याला जपानीत बोलत बोलत कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, कुठे दुखतंय ते विचारायचं. उत्तीर्ण होणाऱ्यांची नावं जपानच्या मालकांकडे मुलाखतीला जाणार होती. पोरं एकमेकांवर सराव करायची आणि गुदगुल्या करून सोडायची. तुलमाया सराव करायची सासूवर.

त्या पूर्णकला आमा, आमा म्हणजे आई. जीभ थोडी जड झाली होती, पण धार गेली नव्हती. तुलमाया खाली वाकून "ओकोशिमासु ने", म्हणजे उठवते हं, असं म्हणाली की आमा डोळे मिटून घ्यायच्या. "आधी माणसासारखं बोल कान्छी, मग हात लाव." धाकट्याची बायको म्हणून ती त्यांची कान्छी. तिने पुस्तक उघडलं की आमांना तहान लागायची, पुस्तक मिटलं की तहान भागायची. शेजारणी बघायला आल्या की आमा त्यांना ऐकवायच्या, "जपानच्या म्हाताऱ्या नशीबवान गं. माझी सून त्यांच्या वाट्याला चाललीय." तुलमाया हे सगळं वर्गात येऊन आमांच्या आवाजात सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

दसऱ्याचा सण, दसैं झाला आणि तिने असं सांगणं बंद केलं. घरात वेगळीच बोलणी सुरू झाली होती. थोरला दीर चितवनला असतो. सणाचा टिका आईकडून लावून घ्यायला आला तेव्हा त्याने आधीच सांगून टाकलं की आमचं घर वरच्या मजल्यावर, आईला नेता येणार नाही. म्हणजे तुलमाया गेली की आमांना उचलायचं मोडक्या कंबरेच्या खिमने. हे ऐकल्यापासून आमांनी जेवण निम्म्यावर आणलं. शिजवलेल्या पिठाचा ढिंडो पुढे केला की तोंड फिरवायच्या. तुलमायाने रागावून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हलकी होतेय. पोराला उचलायला बरं पडेल."

दिवाळीचे, तिहारचे दिवे विझले आणि परीक्षा आली. लेखी परीक्षेत तुलमाया वर्गात पहिली. ऐकण्याच्या परीक्षेतही चांगली. तोंडीच्या दिवशी रुग्ण व्हायला ठरलेला पोरगा तापाने पडला म्हणून खाटेवर मीच आडवा झालो. गुण द्यायला आमच्या संस्थेच्या पोखऱ्याच्या शाखेतून एक बाई आल्या होत्या. तुलमाया पुढे आली. वाकली. तिने एक हात माझ्या खांद्याखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली. इतका सराईत हात आयुष्यात मला लागला नव्हता. आता बोलायचं होतं. ती बोललीच नाही.

मी हळूच पहिला शब्द पुटपुटलो. तिने माझ्याकडे पाहिलं. विसरलेल्या माणसाच्या डोळ्यांत शोधाशोध असते, तशी तिच्या डोळ्यांत नव्हती. तिने हात काढून घेतले, सरळ उभी राहिली आणि वाकून नमस्कार केला. पोखऱ्याच्या बाईंनी शून्य मांडलं.

दोन दिवस ती वर्गात आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेलो. खिम ओसरीवर चटईवर पडला होता. म्हणाला, "घाबरली असेल. तुम्हीच समजवा सेन्सेई. माझ्याशी बोलत नाही." आत आमांच्या खाटेशी तुलमाया त्यांचे पाय चोळत बसली होती. मला पाहून उठली नाही.

मी काही बोलायच्या आत आमाच बोलल्या. "मास्तर, ही मुद्दाम नापास झाली ना?"

मी तुलमायाकडे बघितलं. ती खाली मान घालून चोळत राहिली.

"जन्मभर माझ्या नावावर पुष्कळ खापरं फुटली," आमा म्हणाल्या. "सासूमुळे हे, सासूमुळे ते. आता म्हातारीमुळे सून अडकली, हे मी डोक्यावर घेऊन मरणार नाही. तिला परत बसवा परीक्षेला. नाही बसली तर मी पाणीसुद्धा तोंडात घेणार नाही. विचारा हिला, माझा हट्ट हिला माहीत आहे."

तुलमायाचा हात थांबला. "आमा, तुमच्यासाठी नापास नाही झाले मी."

"मग?"

"तुम्ही म्हणाल तुमच्यासाठी, हे म्हणतील भ्याले म्हणून. मला तिकडे जायचं नाही आणि मला इथेही राहायचं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "इथे तुमचं अंग वळवायचं, तिथे दुसऱ्या कुणाचं. नुसती बोली बदलणार. त्यासाठी का मी एवढी अक्षरं शिकले?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पास झाले की वर्ग संपतो. नापास झाले की परत वर्गात बसता येतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. सकाळचा तेवढाच वेळ आहे सेन्सेई, ज्यात मला कुणी हाक मारत नाही."

ओसरीवर खिमची चटई वाजली. त्याने सगळं ऐकलं होतं. तो भिंत धरून दाराशी आला आणि तसाच उभा राहिला. तो एवढंच म्हणाला, "मग आता काय करायचं ते तरी सांग."

तिला वर्गात शिकवायला ठेवून घेईन असं मी म्हणालो असतो, पण तिच्याकडे बारावीचा दाखला नव्हता आणि पोखऱ्याची शाखा तिला फळ्याजवळ उभं करणार नव्हती. तिला ते माझ्याआधी कळलेलं होतं. आमांनी मात्र त्या दुपारपासून शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. दिवेलागणीला तुलमायाने पेला त्यांच्या ओठांशी नेला आणि म्हणाली, "बसते परीक्षेला. घोट घ्या."

फेरपरीक्षेला ती बोलली. एकही चूक नाही. मुलाखतीच्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर जपानातल्या निइगाताच्या एका वृद्धाश्रमाचे मालक होते, पांढऱ्या केसांचे, नम्र. त्यांनी विचारलं, हे काम का करावंसं वाटतं. याचं उत्तर आम्ही सगळ्यांकडून घोकून घेतो: मला वृद्ध माणसं फार आवडतात, त्यांच्याकडून खूप शिकायला मिळतं. तुलमायाने ते शब्द न् शब्द म्हटलं. शेवटी हसायचं असतं, तीही हसली. मालकांनी मान हलवून दाद दिली आणि तिथेच निवड केली. पडदा बंद झाल्यावर मी अभिनंदन केलं, तेव्हा ती म्हणाली, "आता घरी जाते. आमांना वळवायची वेळ झाली."

कागदपत्रं होईपर्यंत तीन-चार महिने गेले. त्या काळात ती रोज सकाळी वर्गात यायची. नवी तुकडी 'अ, इ, उ' शिकत होती. ती मागच्या बाकावर बसून त्यांच्याबरोबर मुळापासून सगळं परत गिरवायची. दुपारी ती खिमला आईला कसं उचलायचं ते शिकवायची: कंबर नाही, मांड्या वापरायच्या, खाटेच्या कडेला गुडघा टेकायचा. खिमने आईला खाटेवरून सरकवून घ्यायला एक फळी रंधून घेतली. आमा त्या फळीला शिव्या द्यायच्या, पण पुन्हा पोटभर जेवायला लागल्या होत्या.

फागुनात ती गेली. आता वर्ष होऊन गेलंय. खिम आईचं जमेल तसं करतो, पट्टा दोनदा बदलला. आमा रोज फोनवर सुनेला विचारतात की आज कुठल्या म्हातारीने छळलं, आणि ती म्हातारी आपल्यापेक्षा वाईट निघाली की खूश होतात.

मलाही कधीमधी तिचा फोन येतो. परवा मी विचारलं, पुढची अक्षरं शिकतेस की नाही. ती म्हणाली, तिकडच्या गावातल्या सभागृहात परदेशी लोकांसाठी फुकट वर्ग भरतो, एक निवृत्त शिक्षिका शिकवतात, फार छान शिकवतात असं ऐकलंय.

"मग जात जा की," मी म्हटलं.

"रविवारी असतो, सेन्सेई," ती म्हणाली. "रविवारी माझी कामाची पाळी असते."