काटेवाल्याचं निरोपाचं जेवण

बंदराच्या उतारावर माशांची एक जुनी खानावळ आहे. इतकी जुनी की सध्याच्या मालकांनी साठी ओलांडली, दाढा पडल्या, तरी सगळे त्यांना धाकटे मालकच म्हणतात. थोरले भिंतीवरच्या फोटोत अजून मिशीला पीळ देऊन बसलेले आहेत ना! संगमरवरी टेबलं, छातीपर्यंत पांढऱ्या फरशा, दाराशी कुठल्याशा बोटीवरून उतरवलेली पितळी घंटा. लांबलांबून पाहुणे येतात. मासा खायला येतात हे खरंच, पण त्यातले निम्मे काटा बघायला येतात.

म्हणजे पद्धत अशी आहे. आख्खा मासा निखाऱ्यावर भाजतात, मोठ्या थाळीत घालून टेबलावर आणतात आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत शेपटीपासून डोक्यापर्यंतचा सगळा काटा एका ओढीत बाहेर काढतात. तो मोडला तर दुसरा मासा फुकट. निघालेला काटा वेगळ्या बशीत आडवा ठेवला की कंगव्यासारखा दिसतो. पोरं तो हात लावून बघतात, बायका फोटो काढतात, आणि एखादा मेहुणा हटकून म्हणतो की यात काय मोठंसं, आमच्याकडेही असंच काढतात.

हे काम उभी हयात ज्या माणसाने केलं त्याला सगळे काटेवाले म्हणत. घरी आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते आता पेन्शनवाल्यांनाच ठाऊक असेल. उंच, हडकुळा माणूस, खांद्यावर इस्त्रीचा नॅपकिन, हातात दोनच हत्यारं: एक बोथट सुरी आणि एक चमचा. सुरी शेपटीपाशी घातली, चमच्याने वरचं मांस जरा दाबलं, मनगट एकदा फिरवलं की काटा सापासारखा सळसळत बाहेर. एवढ्यावर तो थांबत नसे. उरलेल्या मांसावरून चमचा उलटा करून फिरवी आणि पोटाजवळचे केसासारखे बारीक काटे टिपून घेई. त्याच्या हातचा मासा डोळे मिटून खावा, असं जुनी गिऱ्हाइकं सांगत. एखाद्या आजीबाई घास गिळेपर्यंत तो त्यांच्या गळ्याकडे बघत उभा राहायचा. लोकांना वाटे, काय ही निष्ठा!

निष्ठा वगैरे काही नव्हती, भीती होती. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात, मुदपाकखान्यात उभ्याउभ्या उरलेला मासा खाताना, एक काटा त्याच्या घशात रुतला. कोरडा भात गिळून झाला, केळं गिळून झालं, शेवटी दवाखान्यात डॉक्टरने लांब चिमटा घालून तो काढला, तोवर गडी काळानिळा झाला होता. त्या दिवसापासून काटेवाल्याने माशाचा घास तोंडात घातला नाही. आता, नवी नोकरी, तीही माशांच्या खानावळीत. मी काट्याला घाबरतो असं सांगायचं कुणाला? गप्प बसला. पुढे तीच भीती हातात उतरली आणि त्याचं नाव झालं.

पण गप्प बसणाऱ्याला जेवावं तर लागतंच. खानावळीत दुपारी चार वाजता सगळे नोकर मागच्या बाकावर मासा-भात खायला बसत. काटेवाले म्हणत, "आमची ही वाट बघते, मी घरीच जेवतो." घरी गेले की बायकोला सांगत, "तिथेच झालं माझं." खानावळीला वाटे, काय हे बायकोचं प्रेम; बायकोला वाटे, काय ही खानावळ. आणि दोन्हींच्या मधे, चढाच्या कोपऱ्यावर, उकडलेली अंडी आणि पाव विकणारी एक बाई बसायची. काटेवाले रोज तिच्यापाशी, रस्त्याकडे पाठ करून उभे राहून दोन अंडी आणि एक पाव खात. ती अंडेवाली सगळ्या गल्लीची उणीदुणी काढणारी, कुणाच्या घरी पाहुणा आला तर त्याची पिशवी उघडण्याआधी तिला आत काय आहे ते ठाऊक. पण या बाबतीत तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. रोजचं गिऱ्हाईक कोण घालवतो?

आता काटेवालीणबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी. या बाई मच्छीमारांच्या घरच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मोठ्या हौसेने त्यांनी मासा केला. नवऱ्याने तुकडा हातात घेतला, बोटांनी चाचपला, चिवडला, त्याचा दोरा दोरा केला आणि ताट बाजूला सारून म्हणाला, "आमच्या खानावळीतलं खाऊन जीभ बिघडलीय. दुसरीकडचा मासा जात नाही."

असं दोनतीनदा झालं. मग त्यांनी मासा करणं बंदच केलं. एकटीसाठी कुठे चूल पेटवायची? माहेरी गेल्या की खायच्या, पुढे माहेरही उरलं नाही. शेजारणी चिडवायच्या की बाई, तुझी सवत त्या खानावळीच्या चुलीवर बसलीय. त्या हसायच्या. पण मनात एक होतं: एकदा तरी तिथे जाऊन तो मासा खाऊन बघायचा. आपण कुठे कमी पडलो ते जिभेला कळू दे.

काटेवाले निवृत्त झाले आणि पेच उभा राहिला. खानावळीचा थोरल्या मालकांपासूनचा रिवाज होता की जन्मभर काम केलेल्या माणसाला निरोपाचं जेवण द्यायचं. समोरच्या दाराने आत यायचं, खिडकीजवळच्या टेबलावर जोडीने बसायचं, आणि पहिला घास तोंडात जाईपर्यंत सगळे नोकर मुदपाकखान्याच्या दारात उभे राहणार. काटेवाल्यांनी आधी गुडघा पुढे केला. मग बायकोचा खोकला पुढे केला, जो त्या बिचारीला नव्हताच. मग पावणेदोन महिने कुठलासा भाचा आजारी होता. धाकटे मालकही बारा गावचं पाणी प्यालेले. त्यांनी निरोप काटेवाल्याला न धाडता थेट त्याच्या बायकोला धाडला. निरोप घेऊन गेला काटेवाल्याचा शिष्य, आता त्याच्या जागी काटा काढणारा, दोन मुलांचा बाप. दार काटेवालीणबाईंनी उघडलं. पाणी द्यायच्या आधी त्यांनी होकार दिला.

त्या संध्याकाळी बाई ठेवणीतले कपडे घालून, केसांना तेल लावून तयार. काटेवाल्यांना मात्र स्वतःचेच बूट सापडेनात. सापडले, तर लेस सापडेना. बाई पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं कामाला पळत जात होता. आज जेवायला जाताना पाय का जड झाले?"

समोरच्या दाराने आत जाताना घंटा वाजली आणि काटेवाले सवयीने पुढे झाले. कुणाला टेबल हवंय ते बघायला. शिष्याने दंडाला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. ते बसले, पण खुर्चीच्या काठावर. पलीकडच्या टेबलावर एकाचा ग्लास रिकामा झाला, हे अर्धवट उठले. बाईंनी गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. बाईंचं लक्ष भिंतीवर, फरशीवर, दुसऱ्यांच्या थाळ्यांत. ज्या बाईच्या घरी आपला नवरा रोज जेवून येतो, तिचं घर बघावं तसं त्या बघत होत्या.

मासा आला. शिष्याने सुरी घातली, चमचा दाबला, मनगट फिरवलं. काटा डोक्यासकट एका ओढीत बाहेर आला. पोटाचा भागही त्याने उलट्या चमच्याने टिपून घेतला, अगदी शिकवल्याप्रमाणे. गालाजवळचा सगळ्यात मऊ तुकडा गुरूच्या ताटात ठेवला आणि दोन पावलं मागे सरला. मुदपाकखान्याच्या दारात आचारी, भांडीवाल्या, गल्ल्यावरचा मुनीम, सगळे उभे. धाकटे मालक हात मागे बांधून टेबलाशी.

काटेवाल्यांनी तुकडा बोटांत घेतला. चाचपला. सोडवला. पुन्हा चाचपला. बोटं चालत राहिली आणि मांसाचा दोरा दोरा होऊन ताटात त्याचा ढीग जमायला लागला. तोंडाकडे काही जाईना. शिष्याच्या कपाळावर घाम आला. त्याला वाटलं, गुरुजी परीक्षा घेतायत. मग त्याला वाटलं, आपण नापास झालो.

"काही राहिलं का आत?" त्याने विचारलं.

"काही राहिलं नाही," काटेवाले म्हणाले. बोटं थांबली नाहीत.

दारातल्या घोळक्यात कुजबुज झाली. भर खानावळीत काटेवाल्याने दुसऱ्याच्या हातचा मासा असा चिवडणं म्हणजे त्या माणसाच्या पोटावर पाय देणं होतं. धाकट्या मालकांचा चेहरा बदलला. त्यांनी शिष्याकडे बघून हळूच विचारलं की नीट टिपलं नव्हतंस का. शिष्याची मान खाली गेली. आता काटेवाल्यांपुढे दोन वाटा होत्या: तो घास गिळायचा, नाहीतर त्या गरिबाला कायमचा कच्चा ठरू द्यायचा. त्यांनी घास उचलला. ओठांपर्यंत नेला. हात तिथेच अडला.

आणि बाई बघत होत्या. हात नव्हे, ढीग. तो ढीग त्यांनी पूर्वी पाहिला होता, आपल्याच घरच्या ताटात, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात.

"माझ्या माशाचंही तुम्ही असंच केलं होतं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज आणखी खाली आणून, "भीती वाटते होय?"

काटेवाल्यांनी घास ताटात ठेवला. होय म्हणून मान हलवली.

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

खिडकीबाहेर कुणीतरी दोरखंड गुंडाळत होतं, ते बाईंनी सबंध गुंडाळून होईपर्यंत बघितलं. मग नवऱ्याचं ताट आपल्याकडे ओढलं आणि तो चिवडलेला ढीग खायला सुरुवात केली. सावकाश. एक घास, दुसरा घास. डोळे बारीक करून. तराजूत घालून तोलावं तसं. सगळा मुदपाकखाना श्वास रोखून बघत होता. रिवाजात असं काही बसत नव्हतं, पण बाईंना थांबवणार कोण?

"कसा आहे?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"चांगला आहे," बाई म्हणाल्या. "याने काटा छान काढलाय. मासा मात्र माझा याहून चांगला व्हायचा."

आचाऱ्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. थोरल्यांच्या फोटोखाली बसून असं आजवर कुणी बोललं नव्हतं. मालक थोडे हसले, थोडे दुखावले आणि काटेवाल्यांकडे वळले. "काय हो, खरं का हे?"

काटेवाल्यांनी खांद्यावरचा नॅपकिन चाचपला. तिथे नॅपकिन नव्हता.

"मला दोन्हींची चव माहीत नाही," ते म्हणाले.

पुढे मुदपाकखान्यात जो हशा पिकला त्याची ख्याती अजून बंदरावर आहे. आचाऱ्याने आठवडाभर तोंड फुगवलं. शिष्याच्या पाठीवर मालकांनी सगळ्यांदेखत थाप मारली, त्यामुळे त्याची मान वर आली. काटेवाल्यांना निरोपाच्या जेवणात पाव आणि लोणी मिळालं. ते त्यांनी पोटभर खाल्लं, खुर्चीत नीट मागे टेकून.

दोघं परतीचा चढ चढायला लागली. कोपऱ्यावर अंडेवाली आवराआवर करत होती. तिने काटेवालीणबाईंना हाक मारली, दोघी जराशा बाजूला उभ्या राहिल्या. काटेवाले पुढे जाऊन दिव्याच्या खांबाशी थांबले. मागून काय बोलणं चाललंय ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि ऐकायची हिंमतही नव्हती.

रविवारी बाई पहाटे बंदरावर जाऊन आख्खा मासा घेऊन आल्या. भाजला. थाळीत घालून टेबलावर ठेवला. स्वतः बसल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावर धुतलेला पंचा टाकला. बसून काढतो, असं काटेवाले म्हणाले, तर म्हणाल्या, "उभ्याने. पाहुण्यांना काढत होता तसा."

त्यांनी उभ्याने काढला. एका ओढीत. पोटाचा भाग उलट्या चमच्याने टिपून घेतला, आणि बाईंनी पहिला घास गिळेपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. बाईंनी तो मुद्दाम बराच वेळ चावला. मग एकदाचा गिळला आणि पायाने समोरची खुर्ची मागे सरकवली. खुर्चीपुढच्या बशीत एक पाव होता आणि सोललेली दोन उकडलेली अंडी.

"तुला कुणी सांगितलं?" काटेवाल्यांनी विचारलं.

"बसा," बाई म्हणाल्या. "मीठ तिकडे आहे."